शागिरेला काही समजत नाही

शागिरे मागावर बसण्याआधी खड्ड्यात काठी घालून ढवळून घेतो. पाय सोडून बसायचा तो खड्डा त्याने स्वतः खणला, वरचं छप्पर स्वतः घातलं, आणि झोपण्यापूर्वी दाराला अडसरही स्वतःच लावतो. तरी रोज सकाळी काठी आहेच.

"साप शोधतोस का?" मी एकदा विचारलं. आमचे माग शेजारी शेजारी आहेत.

"इतक्या थंडीत साप कुठला येतो?"

"मग काय शोधतोस?"

"ते माहीत असतं तर काठी कशाला घातली असती, झितो?"

मी माझा धोटा फेकला, त्याने त्याचा.

आमच्या गेरचा टेकडीवर शागिरेइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि हे मी कौतुकाने सांगतो आहे. त्याची आई सांगायची, की घास भरवताना हा आधी घासाकडे बघायचा, मग आईकडे, मग पुन्हा घासाकडे, आणि तोवर कोचोची भाकरी गार व्हायची. बाजारात लोणी घेताना तो विकणारीलाच आधी थोडं खायला लावतो. त्याच्या घराला वाळवी लागली तेव्हा रिवाजाप्रमाणे आम्ही वीसेक जणांनी ते सबंध बांबूचं घर उचलून खांद्यावर घेतलं. चार पावलं गेल्यावर कुणीतरी म्हणालं, घर फार जड लागतंय. बघितलं तर शागिरे आत बसलेला. "घर उचलायला आलेला माणूस आणखी काय काय उचलेल याचा नेम काय?" असं तो आतून म्हणाला. आम्ही त्याच्यासकट घर वरच्या वाफ्यात नेऊन ठेवलं.

असा माणूस लग्न कसं करील, असा प्रश्न गावाला होता. त्याने ते केलं, तेही खाली वोलाइता मुलखात जाऊन. "गावातल्या मुलीला माझ्याबद्दल सगळं माहीत असणार," हे त्याचं कारण. बायको दालगिते चांगली उंचपुरी, कामाला वाघीण, आणि तिच्या आईची जीभ तर अशी धारदार की तिच्यावर कोचोसाठी केळीसारखा एन्सेत सोलावा.

आता आमची बोली आणि खालची बोली यांत फरक किती? विचाराल त्यावर आहे. आम्ही शाली-चादरी विकायला खाली गेलो की दोन्ही बोल्या एकच असतात. खालचे लोक आमच्याकडे येऊन भावात घासाघीस करायला लागले, की दोघींच्या मध्ये आबाया सरोवर पसरतं. तरी कान देऊन ऐकलं तर महिन्या-दोन महिन्यांत कुणालाही समजावी, इतपत त्या बहिणी आहेत. दालगितेने आमची बोली तीन महिन्यांत उचलली. शागिरेने मात्र सोयरिकीच्या पहिल्याच दिवशी सासऱ्याच्या अंगणात हात जोडून जाहीर केलं होतं, "तुमची बोली मला अजिबात समजत नाही."

याच्यामागे हिशेब होता. न समजणाऱ्या माणसासमोर लोक खरं बोलतात. सासू तिथल्या तिथे म्हणाली, "नाक लांब आहे, पण हात बरे दिसतात." शागिरे लाकडासारखा बसून राहिला. त्याला वाटलं होतं, चार दिवस ऐकावं, मग सांगून टाकावं. पण चार दिवसांत इतकं ऐकलं की सांगायची सोय राहिली नाही. मग लेक दानशे जन्मली, मोठी झाली, गेल्या साली तिचं लग्न होऊन ती सरोवरापलीकडे नांदायला गेली, तरी शागिरेला काही समजत नव्हतं. सासू पाहुणी येऊन महिना महिना राहायची. मायलेकी चुलीपाशी बसून बोलायच्या, आणि हा कोपऱ्यात सूत गुंडाळत, भिंतीकडे बघत बसायचा.

हे मला एकट्याला ठाऊक होतं, तेही अपघाताने. एकदा सोदोच्या बाजारात सुताच्या दुकानापुढे गर्दी दिसली. आत शागिरे दुकानदाराशी खालच्या बोलीत घडाघडा भांडत होता, आणि भोवतालच्या बायका पदराने तोंडं दाबून हसत होत्या. मला बघून तो पांढरा पडला. घरी येईपर्यंत सगळी वाट त्याने मला शपथा घातल्या.

"अरे, पण सांगून टाक ना तिला. काय बिघडतं?"

"तुला कळत नाही, झितो. माझ्याशी बोलताना ती मीठ संपलं, लाकडं संपली, एवढंच बोलते. तिच्या मनात काय आहे ते ती तिच्या बोलीत आईला सांगते, आणि मी तिथेच बसलेला असतो. मला कळतं हे तिला कळलं, तर ते दार बंद होईल. मग मला माझ्याच बायकोबद्दल काय माहीत राहील?"

थोडं चालल्यावर तो थांबला. "त्या बायका का हसत होत्या रे?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

एवढं सगळं येहेयिस नावाचा माणूस टेकडी चढून येईपर्यंत नीट चाललं होतं.

अतो, म्हणजे श्रीयुत, येहेयिस राजधानीच्या विद्यापीठातून आले होते. डोळ्याला चष्मा, पायाला चिखल, गळ्यात ध्वनिमुद्रणाचं यंत्र. ते म्हणाले, आमच्या या डोंगरांतल्या सगळ्या बोल्या एका कुळातल्या आहेत, आणि कोण कुणाला किती जवळ ते त्यांना लावून बघायचं आहे. मग त्यांनी एकेका शब्दाला आमच्याकडे काय म्हणतात ते विचारायला सुरुवात केली. डोकं, दात, जीभ, रक्त, हाड.

"हा डॉक्टर आहे की खाटीक?" चोंदे माझ्या कानात म्हणाला. चोंदे कुंभाराच्या भट्टीसारखा माणूस. आत काही पेटलं की बाहेर धूर आलाच.

मग गाय, मेंढी, शेत, वाट. तेव्हा मात्र सगळे सावध झाले. गायीला काय म्हणता असं विचारणारा उद्या गायी किती असं विचारणार. शेवटी त्यांनी एकपासून दहापर्यंत मोजायला सांगितलं, तेव्हा आबा अंजुलो, आमच्या सभेतले सर्वांत वडील, हळूच म्हणाले, "एवढा शिकलेला माणूस आणि आकडे येत नाहीत. यात काहीतरी पाणी मुरतंय."

येहेयिस यांनी समजवायला काठीने जमिनीवर झाड काढलं. एक मोठी फांदी उत्तरेची, तिच्यावर वोलाइता, गामो, गोफा, दावरो. एक पूर्वेची, सरोवराकडची. एक पश्चिमेची. दक्षिणेला माले एकटे. "तुमची गेरचा बोली कुठे बसते, तेवढंच बघायचं आहे."

"आणि खोड कोण?" आबांनी विचारलं.

"खोड आता नाही. ती जुनी बोली गेली. फांद्या राहिल्या."

"खोड गेलं आणि फांद्या राहिल्या," आबा म्हणाले. "असं झाड राजधानीत येत असेल. इथे एन्सेतचं तसं होतं खरं. आईचा कंद मातीत कुजतो आणि पिल्लं जगतात. पण आम्ही पिल्लं वेगवेगळ्या वाफ्यात लावतो, अतो येहेयिस. परत एका खड्ड्यात कोंबत नाही."

ते असं का म्हणाले, ते आम्हाला कळलं. काही वर्षांपूर्वी सरकारने चार बोल्या एका मडक्यात घालून घोटल्या, त्याचं एक पुस्तक केलं आणि ते पोरांच्या हातात दिलं. कुणालाच ते आपलं वाटेना. खाली रस्त्यावर दगड आले, मग बंदुका आल्या. पुस्तकं परत गेली. काही घरांतली माणसं परत आली नाहीत. आमच्याकडे तेव्हापासून कुणी बोलीची चौकशी केली, की माणसं आधी दाराकडे बघतात.

येहेयिस यांनी दुसऱ्या दिवशीचा बेत सांगितला. त्यांच्या यंत्रात खालच्या वोलाइता म्हाताऱ्याने सांगितलेली गोष्ट होती. ती सभेच्या माळावर सगळ्यांना ऐकवायची, आणि मग गोष्टीवर प्रश्न विचारायचे. किती समजलं, त्यावरून दोन बोल्या किती जवळ ते कळतं.

ते झोपायला गेल्यावर आबांनी सगळ्यांना थांबवून घेतलं.

"समजलं म्हणालो तर आपण त्यांच्या फांदीवर. मग शाळेत त्यांचं पुस्तक, कचेरीत त्यांचा माणूस. तेव्हा उद्या कुणाला काही समजणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आबांनी एकेकाचा चेहरा न्याहाळला आणि त्यांना काळजी वाटू लागली. आमच्यातला प्रत्येक जण महिन्यातून दोनदा सोदोला जातो. समजत असलेलं न समजणं सोपं नाही.

"एक माणूस आहे," चोंदे म्हणाला. "शागिरे. इतकी वर्षं घरात खालची बायको, वर सासू, तरी दगडावर पाणी. त्याच्याकडून शिकू."

शागिरेने माझ्याकडे असं बघितलं, जणू हे मीच घडवून आणलं होतं. पण नाही म्हणणं म्हणजे संशय ओढवून घेणं, आणि त्या धंद्यातला तो जाणकार. त्याने उठून शिकवायला घेतलं.

"पहिली गोष्ट, लगेच समजलं नाही म्हणायचं नाही. लगेच नाही म्हणतो तो चोर. आधी समजून घ्यायची धडपड करायची. कपाळाला आठी. मग मान जरा तिरकी. मग खेद."

"खेद कसा दाखवायचा?"

"शेजाऱ्याची गाय मेल्यावर दाखवतोस तसा. खरा नको, पण वेळेवर हवा. आणि डोळे. बोलणाऱ्याकडे बघायचं नाही, तोंडाकडे बघितलं की कान उघडतात. भिंतीकडे बघायचं."

"माळावर भिंत कुठे आहे?"

"मग आबांकडे बघा."

"कधीपासून एवढं जमतंय रे तुला?" आबा खूष होऊन म्हणाले. "अगदी खऱ्यासारखं."

"खरंच आहे आबा," शागिरे म्हणाला. घाम पुसायला त्याने अंगावर पांघरलेला जो गाबी तोंडावर घेतला तो बराच वेळ काढला नाही.

खालून आलेल्या सुनांनी दुसऱ्या दिवशी माळाच्या कडेलाच थांबायचं, कॉफीच्या पानांचा काढा तेवढा आणून द्यायचा, असंही ठरलं. त्यांना न समजण्याचा हक्क नव्हता. तसंही माळावर बायका बोलत नाहीत.

सकाळी धुकं जरा वर गेल्यावर माणसं जमली. येहेयिस यांनी यंत्र दगडावर ठेवून कळ दाबली. म्हातारा बोलायला लागला, आणि मी शपथेवर सांगतो, इतका गोड सांगणारा माणूस मी आयुष्यात ऐकला नाही. गोष्ट अशी. एक जावई बाजारातून लोणी घेऊन निघतो. वाटेत कळतं, सासरा वारला. लोणी कुणाला द्यावं लागू नये म्हणून तो ते टोपीखाली डोक्यावर ठेवतो आणि सासुरवाडीला जाऊन मुकाट चुलीपाशी बसतो. चुलीच्या धगीने लोणी वितळतं आणि गालांवरून ओघळायला लागतं. सासू म्हणते, बघा, पोटचे पोरगे कोरडे बसलेत आणि जावई किती रडतोय. मग शेजारीण म्हणते, रडतोय खरा, पण याच्या दुःखाला वास कसा चांगला येतोय.

माळावरच्या साठ माणसांनी आबांकडे बघितलं. आबांनी आभाळाकडे बघितलं. चोंदेने गाबीचं टोक तोंडात कोंबलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. त्याच्या शेजारच्याने खेद वेळेआधीच दाखवून टाकला. एकटा शागिरे असा बसला होता, की त्याच्या चेहऱ्यावरून मेंढ्या चालत गेल्या असत्या तरी त्यांना कळलं नसतं की हा माणूस आहे.

"जावयाने डोक्यावर काय ठेवलं होतं?" येहेयिस यांनी विचारलं.

आठ्या. तिरक्या माना. खेद.

"कोण मेलं होतं?"

"कुणी मेलं का?" एक जण हळहळला. "वाईट झालं."

येहेयिस प्रत्येक उत्तर लिहून घेत होते. त्यांच्या चष्म्याआड काय चाललंय ते कळत नव्हतं. शेवटी यंत्र उचलताना त्यांचा हात पुन्हा कळेवर पडला, चुकून किंवा मुद्दाम. शागिरे आजही म्हणतो की तो डाव होता. मी म्हणतो, नव्हता. गोष्टीनंतर थांबवलेला म्हातारा पुढे बोलायला लागला. आमच्या डोंगरांत कुठलाही म्हातारा चार माणसांपुढे बोलला की शेवटी आशीर्वाद देतोच, त्यात नवल नाही.

"आमच्या ज्या लेकी आम्ही डोंगरावर दिल्या," यंत्रातून आवाज आला, "त्यांच्या चुलीतला विस्तव विझू नये. त्यांनी लावलेलं रुजावं. त्यांना परकी म्हणणाऱ्याच्या घरातही त्यांच्या हाताला यश यावं."

आणि तो थांबला. आशीर्वाद देणारा थांबतो तसा, उत्तराची वाट बघत.

आशीर्वादाला उत्तर न देणं म्हणजे गोमे, निषिद्ध मोडल्याचं पाप. झेलला नाही तर तो मातीत पडतो आणि ज्याच्यासाठी होता त्याच्यावरच उलटतो. घर जळतं, पोर दगावतं, एन्सेत सडतो. हे आमच्याकडे बोबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि झेलला, तर समजलं हे कबूल. आबांचा हात काठीवर घट्ट झाला. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. सगळी टेकडी त्या एका गप्प राहण्यावर तोललेली होती.

मी कडेला बघितलं. दालगिते काढ्याचा भोपळा कमरेवर घेऊन उभी होती. तिला अर्थातच सगळं समजलं होतं. तो आशीर्वाद तिचा होता, आणि माळावर तिला तोंड उघडता येत नव्हतं. ती कुणा एकाकडे बघत नव्हती. आमच्याकडे, सगळ्या पुरुषांकडे मिळून बघत होती, कुणी झेलतंय का ते.

"तसंच होवो," कुणीतरी मोठ्याने म्हणालं.

शागिरे उभा राहिला होता. आणि तेवढ्यावर भागलं असतं, उत्तर कुठल्याही आशीर्वादाला तेच असतं, पण त्याने यंत्राकडे हात जोडले आणि खालच्या बोलीत, स्वच्छ, न अडखळता म्हणाला, "आणि आमची दानशेसुद्धा दूर दिली आहे, बाबा. तिलाही यात धरा."

मागे कुणीतरी फसकन हसलं. मला वाटलं, चोंदेचं लोणी आता वितळलं. मग सगळा माळ एका आवाजात म्हणाला, "तसंच होवो," आणि आबांचा आवाज सगळ्यांत वर होता.

येहेयिस खाली बघून बराच वेळ लिहीत राहिले. निघताना आबांनी त्यांना गाठलंच.

"काय ठरलं आमचं?"

"प्रश्नांची उत्तरं बघितली तर तुम्हाला काहीही समजत नाही, आबा. आशीर्वाद बघितला तर सगळं समजतं. दोन्ही लिहिलंय."

"म्हणजे कुठली फांदी?"

"म्हणजे मला पुन्हा यावं लागेल."

"बघा," ते गेल्यावर आबा म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" काय म्हटलं होतं ते कुणी विचारलं नाही. आजवर तो माणूस परत आलेला नाही, पुस्तक बदललेलं नाही, आणि आबांना त्याचाही संशय येतो.

पण माझी गोष्ट शागिरेची आहे. त्या दिवशी दालगितेने माळावर सगळ्यांना काढा वाढला, शेवटी नवऱ्याला. घरी गेल्यावर बोलली ते मिठाबद्दल. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. एरवी ती चुलीपाशी बसूनच बोलायची, आणि हा कोपऱ्यात सूत गुंडाळायचा. या वेळी तिने फोन उचलला, उठली, अंगण ओलांडलं आणि बांबूच्या कुंपणापलीकडे जाऊन बोलत राहिली. शागिरेने कान टवकारले. वारा ऐकू आला.

"दार बंद झालं, झितो," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. त्या दिवशी त्याने खड्ड्यात काठी घातली नाही, यावरून काय ते ओळखा.

"तूच बंद केलंस."

"आशीर्वाद मातीत पडू द्यायचा होता? तिच्यावर उलटू द्यायचा होता?"

"मी कुठे असं म्हटलं?"

असे बरेच दिवस गेले. तो वाळत चालला. सासू काय म्हणते, दालगितेच्या मनात काय आहे, जावयाची शेती कशी आहे, आपल्यावर राग आहे की नुसता अबोला, काही कळायला मार्ग नव्हता. शेवटी, त्याच्यासारख्या माणसाला जे सर्वांत अवघड ते त्याने केलं. फोन संपवून ती कुंपणाआडून आत आली तेव्हा त्याने तिला सरळ विचारलं.

"आई काय म्हणाली?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. आधी त्याच्याकडे, मग हातातल्या फोनकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. हे बघणं तिने कुणाकडून उचललं ते मी सांगायला नको.

"बरी आहे म्हणाली."

"आणि?"

"आणि काही नाही."

"इतका वेळ बोलली, आणि म्हणे 'आणि काही नाही'," शागिरे मला म्हणाला. "तुला खरं वाटतं?"

"तुला वाटतं का?"

"वाटून घ्यावं लागतंय," तो म्हणाला, आणि त्याने तोंड असं केलं, जणू विकणारीने न चाखलेलं लोणी खाल्लं.

मग पावसाच्या तोंडावर एका सकाळी दालगिते मागापाशी आली. मी शेजारीच होतो. शागिरेच्या समोर उभी राहून ती प्रथमच त्याच्याशी तिच्या स्वतःच्या बोलीत बोलली. "दानशेचे वडील, छप्पर डावीकडून गळतंय. उद्या बांबू आणणार का?"

शागिरेने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. यात डाव काय असेल ते शोधलं. काही सापडेना तेव्हा त्याने तिच्याच बोलीत उत्तर दिलं, "आणीन की गं बाई. एवढं काय त्यात."

दालगितेने पदर तोंडाला लावला. खांदे हलले. ती तशीच घाईघाईने घराकडे गेली, आणि आतून हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

शागिरे धोटा हातात धरून बसला होता.

"का हसली असेल रे?"

मी माझं सूत सारखं करायला घेतलं. इतकी वर्षं कोपऱ्यात बसून त्याने खालची बोली जास्त करून एकाच माणसाच्या तोंडून ऐकली, त्यामुळे तो ती अगदी हुबेहूब त्याच्या सासूसारखी बोलतो. सूर तोच, हेल तोच, "गं बाई"सकट. हे त्याला कधीतरी कुणीतरी सांगायला हवं. पण बायको हसते आहे, आणि का हसते ते त्याला माहीत नाही, असं या घरात प्रथमच झालं होतं.

"मला काय माहीत," मी म्हणालो. "जाऊन विचार तिला."

त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं, धोटा खाली ठेवला, आणि गेला.